क्रीटची सहल आखताना: आधी काय ठरवायचं, नंतर काय

ग्रीसच्या क्रीट बेटाहून हिरमुसून परतलेल्या लोकांशी बोललं की बहुतेकांची गोष्ट सारखीच निघते. आधी एक सुंदर हॉटेल दिसलं, ते बुक केलं. मग विमान पाहिलं, मग व्हिसा केला, आणि तिथे पोहोचल्यावर कळलं की जे बघायला आलो ते हॉटेलपासून चार तासांवर आहे. माझ्या मावसबहिणीने एलुंदाला सहा रात्री घेतल्या होत्या, आणि मुलांना कबूल केला होता एलाफोनिसीचा गुलाबी वाळूचा किनारा. एलुंदा बेटाच्या पूर्वेला, एलाफोनिसी नैऋत्येच्या टोकाला. तो किनारा राहूनच गेला.

म्हणून या लेखात क्रमावर भर आहे. महिना, मग बेटाची बाजू, मग व्हिसाची फाइल, मग तिकिटं, मग गाडी. हा क्रम मोडू नका.

टप्पा १: महिना ठरवा

मे महिन्याचा उत्तरार्ध, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिवस उत्तम. आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी मेचे शेवटचे दोन आठवडे धरावेत. डोंगर हिरवे असतात, गर्दी बेताची असते. समुद्र मात्र तेव्हा गारच लागतो, लहान मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. मनसोक्त डुंबायचं असेल तर सप्टेंबरला पर्याय नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असतं आणि उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारा सुटतो. तो सुटला की उत्तरेचे किनारे खवळतात, लहान बोटी रद्द होतात. १५ ऑगस्ट हा ग्रीसमध्ये येशूची आई मरियमचा मोठा सण. त्या आठवड्यात खुद्द ग्रीक लोकच सुट्टीवर असल्यामुळे खोल्या आणि बोटी भरलेल्या असतात.

सावधान: दिवाळीची सुट्टी धरणार असाल तर आधी कॅलेंडर उघडा. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर क्रीटचा हंगाम संपलेला असतो. पायी उतरायची प्रसिद्ध सामारिया घळ साधारण मे ते ऑक्टोबरअखेरच उघडी असते, किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं कुलूपबंद होतात आणि दक्षिणेच्या बोटी कमी होतात. शहरं आणि संग्रहालयं चालू असतात, पण ती वेगळी सहल झाली.

टप्पा २: पूर्व की पश्चिम, एक बाजू निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘बेट’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तासाभरात फेरी मारता येईल असं काहीतरी येतं. क्रीटचं क्षेत्रफळ ८,३३६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा किंचित जास्तच. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. मधोमध डोंगररांगा आहेत आणि उंच शिखरं २,४०० मीटरच्या पुढे जातात. उत्तर किनाऱ्याने एक मुख्य रस्ता धावतो. दक्षिणेला उतरायचं तर घाट उतरावा लागतो. मंडणगडहून राजापूरला जाऊन संध्याकाळी परत यायचं कोणी ठरवत नाही, पण क्रीटमध्ये नेमकं तेच ठरवलं जातं.

अंतरं लिहून ठेवा. हेराक्लिऑन ते रेथिम्नो सुमारे ८० किलोमीटर, रेथिम्नो ते हानिया सुमारे ६०. एसटीसारखी ‘केटेल’ ही बससेवा हेराक्लिऑन ते हानिया अडीच-पावणेतीन तास घेते. हेराक्लिऑनहून पूर्वेला आयिओस निकोलाओस सुमारे ६५ किलोमीटर. हानियाहून एलाफोनिसी ७५ किलोमीटरच, पण वळणावळणाच्या रस्त्याने दीड-दोन तास लागतात. वाटेत तोपोलियाजवळ एकाच गाडीपुरता बोगदा आहे, तिथे सिग्नल लागेपर्यंत थांबावं लागतं.

आता निवड. समुद्र, घळी, जुनं बंदर हवं असेल तर पश्चिम, म्हणजे हानिया. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आणि हेराक्लिऑनचं पुरातत्त्व संग्रहालय यांच्यासाठी मध्य. शांत खाडी, लासिथीचं पठार आणि १९५७ पर्यंत जिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती ते स्पिनालोंगा बेट हवं असेल तर पूर्व.

सात-आठ रात्री असतील तर माझा सल्ला ठाम आहे: हानियात पाच, हेराक्लिऑनमध्ये दोन, आणि परतीच्या विमानाआधीची एक रात्र अथेन्सला. पूर्व भाग पुढच्या खेपेला. दहा-बारा रात्री असल्या तरच पूर्वेला तीन जोडा. सांतोरिनी हे दुसरं बेट मधेच घुसवू नका. हेराक्लिऑनहून उन्हाळ्यात वेगवान बोटी सुमारे दोन तासांत तिथे जातात हे खरं, पण खोली सोडणं, बंदर गाठणं, पुन्हा खोली घेणं यात जाताना आणि येताना मिळून दीड दिवस जातो.

नावांचा घोळ इथेच निस्तरा. हानिया हेच नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारे लिहितात. हेराक्लिऑन म्हणजेच इराक्लिओ. किस्सामोसला लोक कास्तेली म्हणतात, आणि हेराक्लिऑनजवळ दुसरंच कास्तेली आहे. एलुंदाजवळचं प्लाका वेगळं, दक्षिण किनाऱ्यावरचं प्लाकियास वेगळं. सर्वांत महागात पडणारी गफलत एलाफोनिसी आणि एलाफोनिसोस यांची. दुसरं नाव ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पेलोपोनीजजवळच्या निराळ्याच बेटाचं आहे.

पडताळा: जे जे बघायचं ते नकाशावर टिंबांनी दाखवा. मुक्कामापासून गाडीने दोन तासांच्या पुढे जाणारं टिंब खोडा. खोडवत नसेल तर मुक्काम बदला. दोन्ही धरून ठेवू नका.

टप्पा ३: व्हिसाची फाइल

भारतीय पासपोर्टवर ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रौढांचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो, आणि किमान १५ दिवस आधी तो जमा व्हावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही वेळा ४५ पर्यंत. मेच्या सहलीसाठी फाइल फेब्रुवारीत गेली पाहिजे. मार्च-एप्रिलमध्ये अख्खा महाराष्ट्र युरोपच्या रांगेत उभा असतो आणि अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

१. देश बरोबर निवडा. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. अथेन्स, क्रीट, सांतोरिनी सगळं ग्रीसच. पण ग्रीसमध्ये चार आणि इटलीत पाच रात्री असतील तर अर्ज इटलीकडे जातो. रात्री समसमान असल्या तर जिथे पहिल्यांदा उतरणार तो देश.

२. पासपोर्ट तपासा. शेंगेन भागातून निघाल्यानंतर तो किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत.

३. नाव जुळवा. आपल्याकडे हा त्रास जास्त. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, पॅन कार्डावर नसतं, बँकेत माहेरचं आडनाव चालू असतं. विमान, विमा, हॉटेल या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव अक्षरन् अक्षर टाका. बँकेतलं नाव वेगळं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत फाइलला जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत कारण लिहा.

४. बुकिंग रद्द करता येईल असंच करा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी खोली किंवा तिकीट घेऊ नका. सवलत दिसते आणि हात शिवशिवतो, पण व्हिसा नाकारला गेला तर ते पैसे गेले.

५. विमा. वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचं, सगळ्या शेंगेन देशांना लागू होणारं आणि उतरण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंतचं हवं. मुंबईहून रात्री निघालात तरी एखादा दिवस पुढे-मागे जास्त धरा.

६. पैशांचे कागद. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका, ती लगेच डोळ्यांत भरते. भरावीच लागली, ठेव मोडली असेल, तर तिचा कागद जोडा. मूल एकाच पालकाबरोबर जाणार असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र लागतं.

पडताळा: पासपोर्ट परत मिळाला की दारातच स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, किती वेळा प्रवेश. दिवस मोजताना उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर मधेच इस्तंबूलला जाऊन पुन्हा ग्रीसमध्ये येता येणार नाही.

टप्पा ४: तिकिटं आणि मधला वेळ

गल्फमधल्या एखाद्या शहरातून किंवा इस्तंबूलवरून अथेन्स, आणि तिथून क्रीट असा प्रवास बहुतेकांचा होतो. बेटावर हेराक्लिऑन आणि हानिया असे दोन मोठे विमानतळ आहेत. जाताना हानिया आणि परतताना हेराक्लिऑन असं तिकीट काढलं तर बेटावर उलटा फेरा पडत नाही.

अथेन्सचं आणि क्रीटचं तिकीट वेगवेगळं काढलं असेल तर तीन गोष्टी घडतात. अथेन्सला सामान उतरवून पुन्हा द्यावं लागतं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. आणि आपल्या विमानात २५-३० किलो चालतं, तर पुढच्या स्वस्त तिकिटात बहुधा फक्त हातातली बॅग असते. सामानाचे पैसे तिकीट काढतानाच भरा, विमानतळावर ते फार महाग पडतात.

शेंगेन सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या वेळी रांग लांबते. उतरणं आणि पुढचं विमान यात निदान चार तास ठेवा.

दुसरा मार्ग समुद्राचा. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्री मोठ्या बोटी निघतात आणि सकाळी हेराक्लिऑनला किंवा हानियाजवळच्या सूदा बंदराला लागतात. साधारण नऊ तास. विमानतळावरून पिरेअसला मेट्रोची तिसरी लाइन थेट जाते. आईवडील बरोबर असतील तर केबिन घ्याच, खुर्चीवर रात्र काढणं त्यांना जड जातं. बंदर अवाढव्य आहे, तिकिटावरचा गेट क्रमांक पाहिल्याशिवाय टॅक्सीतून उतरू नका.

सावधान: वारा फार वाढला की बंदर अधिकारी बोटींना निघायला मनाई करतात. ग्रीक लोक याला ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. हा शब्द ऐकू आला की वाद घालण्यात अर्थ नसतो. म्हणूनच परतीच्या आदली रात्र अथेन्सला काढायची, बेटावर नाही.

टप्पा ५: मुक्काम

हानियाच्या जुन्या शहरात गल्ल्या अरुंद आहेत, गाडी दारापर्यंत जात नाही. दगडी फरशीवरून चाकांच्या बॅगा ओढायची तयारी ठेवा, किंवा जुन्या शहरापासून दहा मिनिटांवर गाडी लावायची सोय असलेली खोली घ्या. मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मी हा दुसरा पर्यायच सुचवेन. ‘किनाऱ्यापासून ५०० मीटर’ वाचलं की चढ किती ते नकाशावर बघा.

खोलीच्या दरात न धरलेला एक सरकारी कर हॉटेलात भरावा लागतो. २०२५ च्या दरांनुसार एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये तीन तारांकित हॉटेलला खोलीमागे रात्रीला ५ युरो, चार तारांकितला १०, पाच तारांकितला १५. आठ रात्री आणि दोन खोल्या असल्या की ही रक्कम चांगलीच जाणवते, अंदाजपत्रकात धरा.

बाथरूममध्ये कागद टाकायला डबा असतो. नळ्या अरुंद असल्याने कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, डब्यातच.

टप्पा ६: गाडी

हेराक्लिऑन, रेथिम्नो, हानिया एवढंच करायचं असेल तर बस पुरते. दक्षिण किनारा आणि गावं बघायची असतील तर गाडी हवी, पण सगळे दिवस नाही. हानियातल्या पाचांपैकी तीन दिवस घ्या.

निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. तिथे मूळ परवानाही बरोबर लागतो. नुसता मूळ परवाना दाखवून एखादा दुकानदार गाडी देईलही, पण अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. गिअरची गाडी हा तिथला नेम आहे. ऑटोमॅटिक हवी असेल तर महिने आधी सांगा. अनामतीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, फॉरेक्स कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही.

१. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, काच, इंधनाचा काटा यांचा व्हिडिओ घ्या, देणाऱ्या माणसासमोर.

२. विम्यात काय नाही ते विचारा. कच्चे रस्ते, टायर आणि गाडीची खालची बाजू बहुधा नसते. बालोसला जाणारा सुमारे आठ किलोमीटरचा रस्ता कच्चाच आहे. तिथे किस्सामोस बंदरातून बोटीने जा.

३. गाडी उजवीकडून चालवायची. पहिल्या दिवशी रात्रीच्या विमानाने उतरून लगेच चाक हातात घेऊ नका. मुख्य रस्त्यावर मागच्याला पुढे जाऊ द्यायला सगळे उजवीकडे कडेला सरकतात, तुम्हीही सरका, पण वळणावर नाही.

सावधान: पंपावर ‘पेट्रोल’ म्हणू नका. ग्रीकमध्ये ‘पेत्रेलेओ’ म्हणजे डिझेल. आपलं पेट्रोल म्हणजे ‘व्हेन्झिनी’. झाकणावरचं लेबल बोटाने दाखवा आणि मगच भरू द्या.

टप्पा ७: दिवसांची मांडणी

बोटीवर अवलंबून असलेली ठिकाणं आधी ठेवा. वाऱ्यामुळे रद्द झालं तर पुढचा दिवस हाताशी असतो. एका दिवशी एकच लांबचं ठिकाण. क्नोसोस हेराक्लिऑनपासून पाचच किलोमीटरवर आहे, तिथे सकाळी उघडताच जा, दुपारी सावली नसते. संग्रहालय दुपारी करा.

सामारिया घळीबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचे ट्रेकर तिला कमी लेखतात. ओमालोसच्या पठारावरच्या क्सिलोस्कालो इथून, सुमारे १,२३० मीटरवरून, थेट समुद्रापर्यंत १६ किलोमीटर उतरायचं असतं. पाच ते सात तास लागतात. चढ नाही म्हणून लोक खूश होतात, पण दगडगोट्यांवरून एवढं उतरल्यावर गुडघे बोलायला लागतात. खाली आयिया रुमेली गावाला रस्ताच नाही. तिथून बोटीने सूगियाला किंवा होरा स्फाकिऑनला जायचं आणि बसने हानियाला परतायचं. म्हणून स्वतःची गाडी ओमालोसला लावून जाऊ नका, गाडी डोंगरावर आणि तुम्ही समुद्रकाठी असं होतं. हानियाहून पहाटेची बस घ्या, परतीची बोट आणि बस दोन्ही आदल्या दिवशी पक्क्या करा. पाऊस किंवा फार ऊन असेल तर घळ बंद ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलात विचारा. चपला किंवा सँडल नकोत. वाटेत झऱ्यांचं पाणी मिळतं, एक बाटली भरत राहा. दहा वर्षांखालची मुलं किंवा गुडघेदुखी असलेलं कोणी असेल तर खालून, आयिया रुमेलीच्या बाजूने, घळीच्या सर्वांत अरुंद भागापर्यंत जाऊन परत या. देखणा भाग तोच आहे.

टप्पा ८: खाणं आणि बॅग

शाकाहारी माणसाची क्रीटमध्ये आबाळ होत नाही. बार्लीच्या कडक पावावर टोमॅटो आणि चीज घातलेला डाकोस, तेलात शिजवलेल्या भाज्या, घेवड्याच्या मोठ्या पांढऱ्या दाण्यांची ‘यिगान्तेस’, रानभाज्यांची ‘होर्ता’. ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. उत्तर ‘ने’ आलं तर ते ‘हो’ आहे, ‘नाही’ला ‘ओही’ म्हणतात. उपासाचं म्हणून ‘निस्तिसिमो’ लिहिलेल्या पदार्थात मांस, दूध, अंडी नसतात, पण कोळंबी आणि माकूळ चालतात. हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

घरून नेताना: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, पनीर बॅगेत नको. कढीपत्ता नको. आणि मेमध्ये जाणाऱ्यांनो, हापूसही नको. ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, अपवाद केळी, नारळ, अननस अशा मोजक्यांचा. चिवडा, मेतकूट, दशम्या खुशाल न्या, फक्त दशम्या दुधात भिजवलेल्या नसाव्यात.

कार्ड मशीनवर ‘रुपये की युरो’ असं विचारलं तर युरो निवडा. रुपये निवडले की दर वाईट लागतो. आणीबाणीला ११२ हा क्रमांक, मुलांच्याही फोनमध्ये घाला.

टप्पा ९: निघताना

गाडी परत करायच्या आधी टाकी ठरल्याप्रमाणे भरा, पावती ठेवा, पुन्हा व्हिडिओ घ्या. अनामत सुटल्याचा संदेश येईपर्यंत ते व्हिडिओ पुसू नका. ऑलिव्ह तेल घ्यायचं तर पत्र्याच्या डब्यातलं घ्या, काचेचं नको. हातातल्या बॅगेत ते जाणार नाही, म्हणून परतीच्या तिकिटात चेक-इन सामान आहे का ते तेल घेण्याआधी बघा. डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घाला, वर टॉवेल गुंडाळा आणि बॅगेच्या मधोमध ठेवा.